रणजीतचा ठेका

रणजीत पारधे प्रेस चालवत नसे, तो प्रेस वाजवायचा. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. त्या दिवसांत मला त्याचा रागच यायचा.

चाकणच्या अलीकडं, महाळुंग्याच्या बाजूला आमची कंपनी. गाड्यांना लागणारे पत्र्याचे बारके भाग तिथं निघतात. माझी प्रेस रणजीतच्या शेजारची. डाव्या हातानं पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साचा आदळला की उजव्या हातानं तयार भाग काढून घ्यायचा. दिवसभर एवढंच. अशा कामात माणूस एकतर झोपतो नाहीतर चिडतो, आणि मी चिडणाऱ्यांतला. माझी बायको म्हणते, ज्योतीराम, तुझ्या डोक्यावर पापड भाजून निघतील. रणजीतचं तसं नव्हतं. तो काळेवाडीतल्या त्यांच्या चर्चमध्ये लहानपणापासून ढोलकी वाजवत आलेला. हाताला काही लागलं की त्याच्यातून ठेका निघायचाच. पत्रा, पेडल, धाड, काढ. सकाळी साधा भजनी ठेका, चहा झाला की चढायला लागायचा, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गडी दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत. वर तोंडानं त्यांचं एखादं भजन.

"अरे, चाल तर आमच्या अभंगाची हाय की!" मी ओरडायचो.

"चाल देवाची आहे, राव. तुम्ही आधी उचलली एवढंच," तो हसून सांगायचा, आणि पाय काही थांबायचा नाही.

वाजवणाऱ्याला वाटतं, आपलं कुणीतरी ऐकतंय. आमच्या कंपनीत ऐकणारे नव्हते, मोजणारे होते. प्रॉडक्शन बघणाऱ्या सलिलसाहेबांनी रणजीतचे पीस बघितले आणि त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. आठवडाभरानं रणजीतचा आकडा सगळ्या लाइनचं टार्गेट झाला. त्याला जमतं तर बाकीच्यांना का नाही, असा साहेबांचा सरळ हिशोब. देवानं एकाला हात दिले आणि कंपनीनं त्याच मापाचे सदरे सगळ्यांना शिवले.

आता यातली मेख सांगतो. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. तिथं हात असेल तर पेडल दाबूनही साचा खाली येत नाही. लाल दिवा लागतो, बीप वाजतं, मशीन थांबतं, मग बटण दाबून परत चालू करायचं. रणजीतच्या दुगणीत हात बाहेर पडता पडताच पाय पेडलवर पडायचा. म्हणजे सेन्सर जागा असताना तो आकडा निघणं शक्यच नव्हतं, रणजीतलासुद्धा नाही. पण आमचा सुपरवायझर नवनाथ शिफ्ट सुरू झाली की पॅनेलमध्ये एक किल्ली फिरवायचा, आणि सेन्सर दिवसभर झोपायचा. ती किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकलेली असायची. सगळ्या लाइनला ठाऊक होतं.

रणजीतच्या पलीकडं खंडू. चाळिशी ओलांडलेला, आष्टीकडचा माणूस. भोसरीतलं जुनं वर्कशॉप बंद पडल्यावर आमच्याकडं आला होता. कामाला चोख, पण हात सावकाश. शेजारी एवढा पक्का ठेका चालू असला की आपला पायही नकळत त्याच्यामागं जातो. माझा जायचा, खंडूचाही जायचा. तो मधूनच हाक द्यायचा, "रणजीतराव, दमानं! मला धरता येईना झालंय!" आम्ही हसायचो. रणजीतही हसायचा आणि उलट आणखी एक तुकडा टाकून दाखवायचा.

एका दुपारी खंडूचा पाय ठेक्याबरोबर गेला आणि हात मागं राहिला. उजव्या हाताचा अंगठा वाचला, करंगळी वाचली. मधलं सगळं गेलं.

त्या दिवसापासून रणजीतनं भजन तर सोडलंच, पण घरी ढोलकीही चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. दवाखान्यात खंडूला भेटायला गेला तर खंडूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी सोबत होतो. रणजीत कॉटच्या पायाशी पोचला होता, तिथूनच मागं फिरला.

कंपनीचं म्हणणं लगेच तयार झालं. सेन्सर उत्तम चालू होता, खंडूला टार्गेट जमेना म्हणून त्यानंच वायर काढली, स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवला. हे एकदा खरं ठरलं की भरपाईही नाही आणि नोकरीही नाही. आणि पुरावा काय? तर रणजीत. तोच साचा, तेच टार्गेट, सेन्सर चालू ठेवून तो रोज करतो की नाही? कारखाने तपासणाऱ्या सरकारी बाई शुक्रवारी येणार होत्या, आणि त्यांच्यासमोर रणजीतनं प्रेस चालवून दाखवायची असं ठरलं.

नवनाथ त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "भावा, टेन्शन घेऊ नको. सेन्सर चालू असेल, तू आरामात चालव. थोडे पीस काढ, बीप न होता. हेच टार्गेट आहे म्हणून मी सांगतो. मॅडम काय मोजत बसणारेत? आणि तुझं पर्मनंटचं साहेबांनी मनावर घेतलंय, बरं का."

रणजीत खाली वाकून पत्रे रचायला लागला. गप्प बसणाऱ्या माणसाचा होकार धरायची नवनाथला सवयच होती.

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर बस तळवड्याच्या चौकात अडकली. उकाडा असा की सीटला पाठ चिकटत होती. रणजीत खिडकीच्या दांड्यावर बोटं आपटायचा, मग भानावर येऊन हात काखेत दाबून धरायचा. थोड्या वेळानं परत बोटं सुरू. मला ते बघवेना.

"नाही म्हणून सांग ना सरळ," मी म्हणालो. "पोट दुखतंय म्हण, सुट्टी टाक."

"मग दुसऱ्या कुणालातरी बसवतील. तुला बसवतील," तो म्हणाला.

हे मला सुचलंच नव्हतं. मनात मात्र म्हटलं, तुम्हा लोकांचं असंच. रविवारी देवाच्या येणाऱ्या राज्याची गाणी गायची आणि सोमवारी याच बसमध्ये घामाघूम व्हायचं. खरं सांगतो, मला त्यांच्या त्या आशेचा राग यायचा. आशा ठेवायलाही माणसाकडं थोडी तरी उसंत पाहिजे की नको?

त्याच्या मनाला चैन नव्हतं, म्हणून मी चिखलीला न उतरता त्याच्या घरी गेलो. एक खोली, त्यात कॉट आणि गॅस यांच्या मधल्या जागेत तो येरझाऱ्या घालायला लागला. त्याची आई गिरजाबाई जमिनीवर बसून तीळ निवडत होती. रविवारी त्यांचा हंगामाचा सण होता. या सणाला प्रत्येकजण आपल्या कष्टाचं पहिलं फळ चर्चमध्ये आणून देवापुढं ठेवतो. गावाकडं धान्य, कोंबड्या, भाजी. आमच्या या भागात शेतं राहिली कुणाची? मग शिंपी शिवलेला सदरा आणतो, वेल्डर लोखंडी स्टूल आणतो. उपासना झाल्यावर सगळ्याचा लिलाव होतो.

"तिळाचे लाडू करनार हाय," गिरजाबाई मला म्हणाली. नेवाशाकडची ती, चर्चला अजून देऊळच म्हणते. "तू बी ये देवळात."

रणजीत थांबला. "आई, सगळे आपापल्या कामाचं पहिलं फळ नेतील. माझ्या कामाचं पहिलं फळ काय? खंडूभाऊची बोटं. ती नेऊन ठेवू देवापुढं?"

गिरजाबाईचा हात सुपातच राहिला. कॉटवर बसवेना म्हणून मी उठून दारात उभा राहिलो.

"ते पाळकसाहेब दर वर्षी सांगतात ना," रणजीत पुढं बोलतच होता, "धन्यानं चाकराला थैली दिली, त्यानं ती भिऊन जमिनीत पुरून ठेवली, आणि धनी त्याच्यावर कोपला. माझी थैली म्हणजे हे हात. मी काय पुरली होती का? सगळी वापरली. रोज वापरली. आणि बघ काय झालं. आता उद्या हळू चालवलं तर मी भिऊन ती पुरली आणि वर खोटं बोललो. मग करू काय मी? हात कापून घेऊ?"

"मावशी, तुमचा प्रभू न्याय करायला येणार होता ना?" मी दारातून म्हणालो. माझं डोकं तापलं होतं. "फार उशीर करायलाय बुवा."

"यील," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "त्याचं काम त्यो करील. तवर आपलं आपल्याला करावं लागतंय." मग मुलाकडं वळली. "आन् तू. धनी कोन त्ये आदी ठरव. कंपनीला धनी समजून बसलास, म्हनून तुला उमजंना. तुज्या हातास्नी तिनं जीव दिलाय व्हय? ज्यानं दिला त्याच्यापुढं वाजीव. बाकीचं त्याला बघू दे."

रणजीत खाली बसला. येरझाऱ्या तेवढ्या थांबल्या, बोटं मात्र गुडघ्यावर चालूच होती.

शुक्रवारी लाइन धुऊनपुसून लख्ख केली होती. खंडूच्या प्रेसवर नवा पिवळा रंग. आम्हाला नवे हातमोजे मिळाले. निरीक्षक बाई साध्याच होत्या, सुती साडी, पायात बूट, आणि बोलणं कमी. सलिलसाहेबांनी रणजीतच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, हा आमचा स्टार ऑपरेटर. टार्गेट याच्यासाठी डाव्या हातचा खेळ आहे."

नवनाथनं डोळ्यांनी खूण केली, आरामात.

रणजीत स्टुलावर बसला. डोळे मिटले, ओठ हलले, काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मग सुरू झाला. पत्रा, पेडल, धाड, काढ. अपघातानंतर पहिल्यांदाच तो ठेका कानावर आला. भजनी, संथ, एकही बीप नाही. नवनाथ मोकळा झाला, साहेब बाईंना चहाचं विचारायला लागले. मला वाटलं, झालं, संपलं. विकला गेला बिचारा. आणि त्याच्यावर चिडावं तर माझ्या मनात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, त्याचीही चीड आली.

पण ठेका चढायला लागला. रोज चढायचा तसाच, पायरी पायरीनं. नवनाथ खाकरला. रणजीतनं तोंडानं भजन धरलं, आणि दुगणीत शिरला.

बीप. लाल दिवा. प्रेस थांबली.

त्यानं बटण दाबलं, परत दुगण. बीप. परत बटण. परत बीप. त्याच्या हातात काही खोट नव्हती, उलट इतका नेटका मी त्याला कधी बघितला नव्हता. तो जीव ओतून वाजवत होता आणि मशीन दर खेपेला नाही म्हणत होतं. आजूबाजूच्या प्रेस एकेक करून थांबल्या. शेवटी सगळ्या शेडमध्ये ते बीप तेवढं उरलं.

"रणजीत, नर्व्हस होऊ नकोस," सलिलसाहेब म्हणाले. आवाज बदलला होता.

"नाही साहेब. रोज वाजवतो तसंच वाजवतोय."

बाई पुढं झाल्या. "टार्गेटला हा स्पीड लागतो?"

"हाच लागतो, मॅडम. हळू चालवलं तर बीप होणार नाही, पण टार्गेटही होणार नाही."

"मग रोज कसं होतं?"

इथं मात्र रणजीत अडला. त्यानं नवनाथकडं बघितलं. नवनाथला दोन लेकी आहेत, चिखलीच्या घरकुलात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, त्याचा चेहरा पार उतरला होता. हातांनी जे सांगायचं ते रणजीतनं सांगितलं होतं, पण नवनाथचं नाव त्याला घेववेना.

बाई माझ्याकडं वळल्या. "तुमचं टार्गेट तेवढंच? तुम्ही कसं करता?"

गप बस ज्योत्या, मी स्वतःला म्हणालो. पोरीची शाळा आठवली, बायको आठवली, औशाहून इथं आलो तेव्हाचे दिवस आठवले. पलीकडं खंडूची प्रेस दिसत होती. एवढा पिवळा रंग फासला होता, पण पेडलवरचं रबर जुनंच राहिलं होतं, त्याच्या बुटानं एका बाजूला झिजलेलं. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"किल्ली फिरवून, मॅडम," मी म्हणालो. "सेन्सर झोपवून. खंडूनं वायरला हात लावला नाही. त्या दिवशीही किल्लीच फिरलेली होती."

"किल्ली कुणाकडे असते?"

"नवनाथकडं. पण टार्गेट सलिलसाहेबांचं. लिहिणार असाल तर दोन्ही लिहा."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी फार आशेवर राहायला नको. खंडूनं वायर काढली हे कंपनीनं परत म्हटलं नाही. त्याची भरपाईची केस उभी राहिली, अजून उभीच आहे. नवनाथला घरी बसवलं, कारण किल्लीचं कंपनीला काही माहीतच नव्हतं म्हणे. त्या दोन लेकींची आई जिन्यात भेटली की मान फिरवते. सलिलसाहेब आहेत तिथंच आहेत. मला स्क्रॅप यार्डात टाकलं. रणजीतचं कार्ड शनिवारी सकाळी गेटवर लागलंच नाही. तो ठेकेदारामार्फत कामाला होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ब्रेक दिलाय, तूर्त काम नाही, कळवू. नोटीस बोर्डावरचा फोटोही गेला होता, चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

शनिवारीच मी खंडूच्या खोलीवर जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हातावरची पट्टी बघत राहिला. "बरं," म्हणाला. एवढंच. मी चिडून परत आलो.

रविवारी मी काळेवाडीला गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही, घरात पाय ठरत नव्हता. पिठाच्या गिरणीशेजारी पत्र्याची शेड, तेच त्यांचं देऊळ. पुढं टेबलाभोवती ढीग लागला होता. भोपळे, मेथीच्या जुड्या, पपया, पाय बांधलेला कोंबडा, वेल्डरचं स्टूल, गिरजाबाईचे तिळाचे लाडू. लोक ओळीनं जाऊन आपापलं ठेवत होते. रणजीत उठला तेव्हा त्याच्या हातात ती चादरीतली ढोलकी होती. त्यानं ती भोपळ्यांच्या शेजारी ठेवली.

पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "रणजीत, अरे वाजवायची ना?"

"नाही. लिलावात जाऊ द्या," तो म्हणाला. "मी द्यायला आणलीये."

गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला. मला ओरडावंसं वाटत होतं. परवा एवढं सगळ्यांसमोर वाजवलंस ना बाबा, मग आता काय हे? पण मला कळत होतं. बाईंसमोर त्यानं खरं वाजवलं, तरी खंडूनं फिरवलेलं तोंड काही सरळ झालं नव्हतं.

तेवढ्यात दारात गडबड झाली. खंडू आला होता. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या काखेत टॉवेलमध्ये बांधलेली बाजरीची कणसं. चप्पल काढावी की नको म्हणून दारातच घोटाळला, मग काढली आणि सरळ पुढं गेला.

"आईनं गावाकडनं पाठवलीत," तो पाळकसाहेबांना म्हणाला. "तुमच्यात आज असलंच देत्यात असं हे ज्योतीराम बोलले. चालतंय ना?"

"चालतं तर!" पाळकसाहेब म्हणाले.

कणसं ठेवताना त्याला ढोलकी दिसली. चादर त्यानं डाव्या हातानं बाजूला केली. मग ढोलकी पायानं सरकवत सरकवत रणजीतच्या पुढ्यात आणली आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर टेकला.

"वाजीव," तो म्हणाला. "हात हायेत न्हवं तुला."

रणजीतचे खांदे हलायला लागले. रडत होता. रडतच त्यानं दोरी ओढून ढोलकी मांडीवर घेतली. पेटीवाल्यानं सूर दिला, बायकांनी भजन उचललं. पहिली थाप कच्ची पडली, दुसरी बसली. आणि मग त्याला राहवतंय कुठं? ठेका चढायला लागला, शेडमधल्या टाळ्या त्याच्यामागं धावायला लागल्या, पत्रा घुमायला लागला. मीही टाळ्या वाजवत होतो, भान विसरून.

खंडू डाव्या हातानं मांडीवर ताल धरू बघत होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा थांबला. मग रणजीतच्या कानाशी वाकला. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"रणजीतराव, दमानं," तो म्हणाला. "मला धरता आलं पाहिजे."

रणजीतनं त्याच्याकडं बघितलं आणि हात आखडला. ठेका उतरवला, आणखी उतरवला, खंडूच्या डाव्या हाताला सापडेल इतका. पेटीवाला गोंधळला, बायकांचं गाणं पुढं निघून गेलं, गिरजाबाईनं मागं वळून बघितलं. तिनं आपली टाळी सावकाश केली. मग तिच्या शेजारणीनं केली. हळूहळू सगळं देऊळ खंडूच्या चालीनं गायला लागलं. भजन संपायला त्या दिवशी फार वेळ लागला.